शेवटचा सामना खेळायचा की सोडायचा?

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एक बाई मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मुलगा शिवाजी पेठेतल्या एका तालमीकडून फुटबॉल खेळतो. शाहू स्टेडियमवर फायनल, आणि आठ दिवसांनी पुण्यात एका क्लबची ट्रायल. "सर, फायनलला पाय मोडून घेतला तर ट्रायलचं काय? तुम्हीच सांगा त्याला, बस म्हणावं घरी." मुलगा काही बोलेना. गुडघ्यावरचं क्रेप बँडेज सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा.

मी त्यांना अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची गोष्ट सांगितली. खेळ वेगळा, अंगावर धडकण्याचा. पेच मात्र हाच. तिथे हंगाम संपला की निवडक कॉलेजांना मानाचे 'बोल गेम' मिळतात. त्यातल्या बहुतेकांवर अजिंक्यपद ठरत नाही. मग एप्रिलमध्ये एनएफएल या लीगचा ड्राफ्ट होतो. व्यावसायिक संघ सात फेऱ्यांत खेळाडू निवडतात, आणि पहिल्या फेरीतल्या व पाचव्या फेरीतल्या खेळाडूच्या करारात कोट्यवधी रुपयांचं अंतर असतं.

1 जानेवारी 2016. फिएस्टा बोलमध्ये नोत्र दामचा जेलन स्मिथ ओहायो स्टेटविरुद्ध खेळत होता. ड्राफ्टमध्ये तो अगदी वरच्या क्रमांकात जाणार, असं सगळे धरून चालले होते. पहिल्याच सत्रात धक्का बसला आणि डावा पाय वेडावाकडा टेकला. गुडघ्याचे दोन अस्थिबंध फाटलेच, शिवाय पाऊल वर उचलणारी नसही दुखावली. चालताना पाऊल लोंबू नये म्हणून त्याला पट्टा लावावा लागे. ड्राफ्टमध्ये तो दुसऱ्या फेरीत, 34 व्या क्रमांकावर घसरला आणि पहिला अख्खा हंगाम बाहेर बसला. पुढे तो उत्तम खेळला, हे खरं. पण ते वर्ष त्याच्या घरच्यांनी कसं काढलं असेल, हे कुठल्याही आईला सांगायला नको.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात लुइझियाना स्टेटचा लेनर्ड फोर्नेट आणि स्टॅनफर्डचा क्रिश्चन मॅकॅफ्री यांनी आपापले बोल गेम सोडले. संघाला वाऱ्यावर सोडलं म्हणून दोघांवर टीका झाली. एप्रिलमध्ये फोर्नेट चौथा निवडला गेला, मॅकॅफ्री आठवा. स्टॅनफर्डचा सामना 30 डिसेंबरला होता. त्याच दिवशी ऑरेंज बोलमध्ये मिशिगनच्या जेक बटचा गुडघा गेला आणि तो ड्राफ्टमध्ये थेट पाचव्या फेरीत गेला.

इथवर ऐकून बाई म्हणाल्या, "मग ठरलंच की!"

नाही ठरलं. पालकांची गल्लत होते ती इथेच. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांतली दोनसुद्धा एनएफएलपर्यंत पोचत नाहीत. बाकीच्यांचा शेवटचा सामना म्हणजे खरोखर शेवटचा. मॅकॅफ्रीला सामना सोडणं परवडलं, कारण पुढचं दार त्याच्यासाठी जवळपास उघडलेलं होतं. ज्यांचं दार अजून बंद आहे, त्यांनी त्याचं बघून घरी बसायचं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं.

दार उघडं आहे की नाही, हे घरच्यांच्या मायेवर किंवा एजंटच्या गोड बोलण्यावर ठरवू नये. पदवीआधीच ड्राफ्टला निघालेल्या मुलांसाठी एनएफएलची एक सल्लागार समिती आहे. तिचं उत्तर रोखठोक असतं: पहिली फेरी, दुसरी फेरी, नाहीतर कॉलेजातच राहा. आपल्याकडेही असंच, ज्याला तुमच्या मुलाकडून काही मिळवायचं नाही अशा जाणत्या माणसाचं मत घ्या.

खेळायचं ठरलं, तर विमा बघा. जेलन स्मिथचा विमा उतरवलेला होता. 2024 मध्ये कोलोराडोचा ट्रॅव्हिस हंटर अलामो बोल खेळला, तोही विम्याचं कवच घेऊन, आणि पुढे ड्राफ्टमध्ये दुसरा निवडला गेला. आपल्याकडची अपघात विमा पॉलिसी घेताना खेळातली दुखापत त्यातून वगळलेली नाही ना, ती ओळ स्वतः वाचा. एजंटच्या 'होऊन जाईल' वर जाऊ नका.

आणि सोडायचं ठरलं, तर वेळेत सांगा. मॅकॅफ्रीने दीड आठवडा आधी सांगितलं, म्हणून त्याच्या जागेची तयारी करता आली. त्या सामन्यात ब्राइस लव्ह पुढे आला, टचडाउन केला, आणि पुढच्या हंगामात हाइजमन या सर्वोच्च वैयक्तिक पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला. तेव्हाच ड्राफ्टला जाता आलं असतं, पण पदवी पूर्ण करायला तो आणखी एक वर्ष थांबला. त्या वर्षाच्या शेवटी साध्या साखळी सामन्यात त्याचा गुडघा फाटला, ड्राफ्टमध्ये चौथी फेरी मिळाली आणि एनएफएलमध्ये जम बसलाच नाही. त्याला बालरोगतज्ज्ञ व्हायचं होतं आणि तो मानवी जीवशास्त्र शिकत होता. ते वर्ष वाया गेलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी मुलाला विचारलं, "क्लबकडून लेखी काय आलंय?" त्याने मोबाइल पुढे केला. दोन ओळींचा मेसेज: सकाळी सात वाजता या, बूट घेऊन या. करार नाही, मानधनाचा शब्द नाही. त्या दिवशी अशी आणखी कितीतरी मुलं तिथे येणार.

"बँडेज का बांधलंय?"

"दुखतंय थोडं. दोन आठवडे झाले."

हे आईला माहीत नव्हतं. मी म्हटलं, फायनल आणि ट्रायल दोन्ही राहू देत बाजूला, आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. गुडघा ठीक निघाला तर फायनल खेळ. नाही निघाला, तर आजच तालमीत जाऊन कॅप्टनला तोंडावर सांग, म्हणजे तुझ्या जागी कोण ते त्यांना ठरवता येईल.

बाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मुलाने बँडेज सोडून खिशात घातलं.