मोबाईलवर होडीचा मार्ग आखताना

ताईंनो, कोकण किनाऱ्यावरचे काही बचत गट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. मार्ग आखायला आता ॲप मिळतात. ओपनसीपीएन हे सॉफ्टवेअर तर मोफत आहे. नकाशावर दोन ठिकाणी टिचकी मारली की मधे सरळ रेघ येते. पण रेघ म्हणजे मार्ग नव्हे. ती वाळूवरून जाते की खडकावरून, हे आपणच तपासायचं. होडीत माणसं बसणार आहेत, म्हणून हा पाठ गटात मोठ्याने वाचा.

1) खुणा लावा. प्रत्येक वळणावर एक खूण ठेवा. ॲपमध्ये तिला वेपॉइंट म्हणतात. गावातले जुने तांडेल आणि तिसऱ्या काढायला खाडीत उतरणाऱ्या बायका यांना सोबत बसवा. पाणी कुठे गुडघाभर राहतं, ते त्यांना पक्कं माहीत असतं. मग भरती नुकती लागली असताना रिकामी होडी त्या मार्गाने न्या आणि बांबूने खोली मोजा. होडी अडकलीच तर चढतं पाणी सोडवेल. पावसाळ्यात वाळू सरकते, म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला हे परत करा.

2) खोलीचा आकडा समजून घ्या. नकाशावर अगदी कमी पाण्याची खोली लिहिलेली असते. त्यात त्या वेळची भरतीची उंची मिळवायची. नकाशावर 0.5 मीटर आणि भरती 1.2 मीटर, तर पाणी 1.7 मीटर. ओहोटीला उंची 0.2 राहिली, तर पाणी फक्त 0.7 मीटर. आतल्या खाडीत पुष्कळदा आकडेच नसतात. तिथे बांबूच खरा.

3) परतीची वेळ आधी ठरवा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची अंदाजे वेळ, हा जुना हिशोब तुम्हाला ठाऊक आहेच. अष्टमीला सुमारे 6 वाजता. ॲपमधली वेळ याच्याशी ताडून बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ जास्त असते, हेही धरा.

4) इंधन मोजा. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. तासाला 4 सागरी मैल जाणाऱ्या होडीला 3 मैलांना 45 मिनिटं लागतात. पाणी उलटं असेल आणि वेग 3 वर आला, तर एक तास. जाऊन-येऊन पावणेदोन तास झाले. इंजिनाला तासाला 3 लिटर लागत असेल, तर सव्वापाच लिटर. त्याच्या निम्मं जास्त धरून 8 लिटर घ्या.

5) किनाऱ्यावर कागद ठेवा. होडीत किती माणसं, कोणत्या मार्गाने गेली, किती वाजता परतणार, हे लिहून एका ताईकडे द्या. वेळ टळली आणि फोन लागला नाही, तर तिने थांबायचं नाही. तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093. जीपीएसला रेंज लागत नाही, पण नकाशा आधी उतरवून ठेवावा लागतो. फोन पूर्ण चार्ज करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर हवं.

हवामान खात्याचा इशारा असेल त्या दिवशी होडी काढायची नाही. पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी नाही. बुकिंगचे पैसे परत देता येतात.

पुढच्या बैठकीत करा: आपल्या खाडीचा नकाशा कागदावर काढा, उथळ जागा लाल रंगाने दाखवा, आणि होडी न काढण्याचा निर्णय कोण घेणार, ते नाव ठराव वहीत लिहा.