वाटणीतून राहून गेलेल्या विधवा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७

यरुशलेमेतील पहिल्या मंडळीचे वर्णन आपण पुष्कळदा फार गोड करून सांगतो. सर्व काही समाईक होते, कोणास काही उणे नव्हते, हे चौथ्या अध्यायात वाचून आपण तेथेच थांबतो. सहाव्या अध्यायात मात्र त्याच मंडळीत कुरकुर ऐकू येते. वाद सिद्धांताचा नव्हता, अन्नाचा होता. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवा रोजच्या वाटणीत राहून जात होत्या.

त्या का राहून गेल्या हे लूक सांगत नाही. कोणी मुद्दाम अन्याय केला असेही तो म्हणत नाही. परदेशात आयुष्य काढून आलेल्या या बाया. त्यांची बोली निराळी, जवळ नातलग थोडे. वाटणाऱ्यांच्या ओळखीत त्या नसाव्यात. राहून जायला तेवढे पुरते.

प्रिय वाचकहो, सुरतेत हा पाठ वाचताना आम्हांस दूर जावे लागत नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास नवापूर, नंदुरबार, साक्रीकडील आणि डांगमधील ऊसतोडीची कुटुंबे बारडोली, मढी, चलथाण, सायण येथील साखर कारखान्यांच्या भागात येतात. शेताच्या कडेला पडाव पडतो. पोटासाठी मुकादमाकडून खावटी उचलायची आणि ती पुढे मजुरीतून वळती व्हायची, अशी रीत. शिधापत्रिकेचे दुकान गावी, पोट येथे.

वास्तविक ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्राच्या कार्डावर गुजरातेत धान्य मिळण्याची सोय आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो, अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य आहे आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हातारी माणसे गावी राहिली असतील तर काही वाटा तेथे, काही येथे उचलता येतो. परंतु कार्डास आधार जोडलेले असावे लागते आणि यंत्रावर अंगठा उमटावा लागतो. कोयत्याने झिजलेला अंगठा यंत्र पुष्कळदा ओळखत नाही. दुकानदार गुजराती बोलतो, बाई मावची. ती रिकामी पिशवी घेऊन परतते.

आता आमचे ऐका. मिझोरमच्या प्रेस्बिटेरियन स्त्रिया १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढतात, हे ऐकून आम्हीही घरोघरी डबे ठेवले. डबे भरले. वाटप रविवारी, उपासनेनंतर. पडावावरील एकही बाई आली नाही, कारण तोडीला रविवार नसतो. धान्य आमच्याच ओळखीच्या घरी गेले आणि अहवालात आम्ही ‘गरजूंना वाटप’ असे लिहिले. हे दोन वर्षे चालले.

प्रेषितांनी काय केले ते पाहा. कुरकुरणाऱ्यांस त्यांनी दटावले नाही. चार पोती जास्त पाठवून विषय मिटवलाही नाही. सर्व शिष्यांना बोलावून त्यांनाच माणसे निवडावयास सांगितले. निवडलेल्या सातांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक. नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. ज्यांची तक्रार होती, कोठीची किल्ली त्यांच्याच बाजूस गेली असे दिसते. शिवाय ही माणसे आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावीत अशी अट होती. धान्य मोजावयास आत्मा कशाला, असे आपल्या कमिटीत कोणीतरी नक्की विचारील! पण मूळ ग्रीकात पहिल्या वचनातील वाटणीस आणि चौथ्या वचनातील वचनाच्या सेवेस एकच शब्द आहे, दियाकोनिया. आम्ही उपदेश करणारी माणसे हे सोयीस्करपणे विसरतो.

आता आमचे वाटप बुधवारी संध्याकाळी पडावावरच होते. दुकानात जाताना मंडळीतील एखादा गुजराती जाणणारा तरुण सोबत असतो. अंगठा उमटला नाही तर मोबाइलवर येणाऱ्या आकड्याने काम होईल का, हे तो विचारतो. यादी पडावावरील दोन बायांकडे दिली आहे. पहिल्याच यादीत त्यांनी आमची तीन नावे खोडली आणि पाच नवी घातली. त्यांतील दोन घरे ख्रिस्ती नव्हती. कमिटीत यावर तासभर वाद झाला. वाटप त्या यादीप्रमाणेच झाले.