राखीव खेळाडूनं काय मोजावं?

प्रश्न : मी खो-खो संघात आहे, पण बहुतेकदा राखीवच. सरावाचा कंटाळा येऊ लागलाय. काय करू?
– एक खेळाडू, हिमायतनगर

उत्तर : बारा जणींत नऊ मैदानात, तीन बाहेर, हे ठरलेलंच. निवड प्रशिक्षकांच्या हाती, म्हणून तुझा उत्साह तिच्यावर टांगू नकोस. खो-खोत संरक्षणाची वेळ प्रत्येकीची वेगळी मोजता येते. मैत्रिणीला घड्याळ धरायला सांग, वेळ वहीत लिही. खांबापाशी वळताना बाद होतेस का, तेही. प्रेरणा हवी असेल, तर मराठवाड्याचीच, धाराशिवची सारिका काळे आठव; ती २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णविजेत्या भारतीय संघाची कर्णधार होती. २०२०चा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. (तिचा नुसता फोटो भिंतीवर लावून मात्र फारसं काही होत नाही.) वहीतली संरक्षणाची वेळ वाढतच नसेल, तर आधी झोप आणि जेवण तपास.