निष्पाव, मुद्ग आणि डॉ. कमला सोहोनी

ज्वर उतरू लागला की आपण रुग्णास मुद्गयूष सांगतो. अमरावतीचा वैद्य असो की अकोल्याचा, औषधांच्या खाली 'मुगाचे कढण' हे शब्द लिहिल्यावाचून त्याची चिठ्ठी पूर्ण होत नाही. चरकाचार्यांनी शमीधान्यांत मुगास सर्वाधिक हितकर आणि उडदास सर्वाधिक अहितकर म्हटले आहे. निष्पाव, म्हणजे आपला वाल किंवा पावटा, वाग्भटांनी गुरू, विदाही आणि वातपित्तकर ठरविला आहे. हे आपणांपैकी प्रत्येकाने विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेले असते. परंतु याच निष्पावातून पचनास अडथळा करणारे द्रव्य स्फटिकरूपाने वेगळे काढून दाखविणारी शास्त्रज्ञ एक मराठी स्त्री होती, आणि हे कार्य मुंबईत झाले, ही गोष्ट आपल्या व्यवसायबांधवांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते असा आमचा अनुभव आहे. त्या स्त्रीचे नाव डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाई माहेरच्या भागवत. दुर्गा भागवतांच्या त्या धाकट्या भगिनी. दुर्गाबाईंचे नाव १९७५च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनामुळे आणि त्यांच्या ग्रंथांमुळे मराठी घराघरांत पोचले. धाकट्या बहिणीचे नाव मात्र विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतही अभावानेच आढळते. कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ व बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेचे, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेचे, माजी विद्यार्थी होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी उत्तम प्रकारे संपादन केल्यावर त्याच संस्थेत संशोधनासाठी जावे, असे मुलीस वाटले यात नवल नव्हते.

संस्थेच्या संचालकपदी त्या वेळी सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. नोबेल पारितोषिक मिळून त्यांना तीन वर्षे झाली होती. त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. गुणांत उणे होते म्हणून नव्हे, अर्जदार स्त्री होती म्हणून. कमलाबाईंनी त्यावर गांधीयुगास साजेसा उपाय योजिला. त्यांनी रामन यांच्या कार्यालयापुढे सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी गणल्या जाणार नव्हत्या. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावयाचे होते. आणि आपल्या उपस्थितीने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडणार नाही, ही हमी त्यांना द्यावी लागली. वर्षभरात काम पाहून रामन यांचे समाधान झाले व पुढे त्या संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. रामन यांच्या थोरवीविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. तथापि कमलाबाईंनी हा अपमान अखेरपर्यंत विसरल्याचे कधीही म्हटले नाही आणि वृद्धापकाळीही तो स्पष्ट शब्दांत सांगितला. थोर पुरुषांच्या चरित्रांतून असे प्रसंग वगळण्याची आपली रीत आहे. ती आम्हांस मान्य नाही.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३६ साली एम.एस्सी. झाल्यावर त्या केंब्रिज येथे गेल्या. तेथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विख्यात प्रयोगशाळेत प्रथम डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्यासमवेत काम करताना बटाट्याच्या पेशींवरून त्यांनी असे दाखविले की, प्राणिपेशींतील श्वसनक्रियेत भाग घेणारे सायटोक्रोम-सी वनस्पतींच्या पेशींतही असते. प्रबंध अवघा चाळीस पृष्ठांचा आणि काम चौदा महिन्यांचे. १९३९ साली पीएच.डी. घेऊन त्या परतल्या. विज्ञानात डॉक्टरेट मिळविणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख पुष्कळदा होतो. वास्तविक वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ सालीच मिळाली होती. एका उपेक्षितेचा गौरव करताना दुसरीचा विसर पडू नये एवढ्याचसाठी हे नमूद केले.

दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, नंतर कुन्नूरची आहारसंशोधन प्रयोगशाळा, असा प्रवास करून १९४७ साली श्री. एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर कमलाबाई मुंबईस आल्या व तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग येथून सुरू होतो.

स्वादुपिंडातून स्रवणारे ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य प्रथिनांचे विघटन करते. कित्येक कच्च्या शिंबीधान्यांत या ट्रिप्सिनला निष्प्रभ करणारी प्रथिने असतात. धान्य खाल्ले जाते, परंतु त्यातील प्रथिन पूर्णपणे पचत नाही. सोयाबीनमधील असे प्रतिरोधक द्रव्य अमेरिकेत कुनित्झ यांनी १९४५ साली स्फटिकरूपात मिळविले होते. भारतीय आहारद्रव्यांकडे मात्र कोणी वळले नव्हते. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी यांनी आपल्या भाज्या आणि डाळी एकेक करून तपासल्या. ते निबंध १९५४-५५च्या सुमारास प्रसिद्ध झाले. वाल आणि डबल बी यांतील ट्रिप्सिन-प्रतिरोधकाचे स्फटिक त्यांनी व के. एस. अंबे यांनी मिळविल्याचे वृत्त १९५५ साली 'नेचर' या नियतकालिकात छापून आले. ज्यास वाग्भट गुरू म्हणतात, त्या निष्पावाच्याच अंगी हे द्रव्य सापडावे, हे वाचून कोणाही वैद्यास समाधान वाटेल.

परंतु येथे सावधगिरीचा इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. अशी वृत्ते हाती आली की आपल्यापैकी काहींना 'आमच्या ग्रंथांत हे पूर्वीच सांगितले होते' असे म्हणण्याचा मोह होतो. गुरुत्व हा गुण केवळ एका प्रथिनाने सिद्ध होत नाही. त्यात द्रव्याची मात्रा, संस्कार, खाणाऱ्याचा अग्नी आणि काळ हे सर्व येते. उडदाच्या गुरुत्वाचे कारण वालाच्या कारणाहून निराळे असू शकेल. कमलाबाईंनी आयुर्वेद सिद्ध केला नाही, तसा त्यांचा दावाही नव्हता. त्यांनी एक यंत्रणा उघड केली आणि ती आपल्या संस्कारविचारास उपयोगी पडते, इतकेच म्हणणे योग्य होय.

उपयोगी कशी, ते पाहू. ही प्रतिरोधक द्रव्ये बहुतांशी उष्णतेने नष्ट होतात. त्यातही ओली उष्णता, म्हणजे भिजवून पाण्यात शिजविणे, कोरड्या भाजण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. संस्काराने द्रव्यात गुणांतर घडते हा चरकांचा सिद्धांत आणि तूस काढून, भाजून व शिजवून केलेले सूप अधिक लघु होते हे भावप्रकाशातील वचन आपण नेहमी सांगतो. भाजण्यावर थांबू नये, पुढे नीट शिजवावे, हा त्यातील अर्थ या संशोधनाने अधोरेखित होतो.

आज वऱ्हाडात याची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. अकोल्याच्या डाळगिरण्यांतून निघणारी तूरडाळ आपण शिजवूनच खातो; मुगवडी असो की हरभऱ्याचे बेसन, आपल्या आजीच्या स्वयंपाकात अग्निसंस्कार चुकत नसे. परंतु गेल्या तीन-चार दशकांत आपल्या काळ्या जमिनीत सोयाबीन आले आणि त्यापाठोपाठ गव्हाच्या दळणात मूठ-दोन मुठी कच्चे सोयाबीन घालण्याची पद्धत घरोघरी पडली. पोळी तव्यावर क्षणभरच असते; तेवढ्या कोरड्या उष्णतेने सोयाबीनमधील प्रतिरोधक पुरते नष्ट होईल याची शाश्वती नाही. कच्च्या सोयाबीनवर पोसलेल्या उंदरांची व कोंबड्यांची वाढ खुंटते आणि त्यांचे स्वादुपिंड मोठे होते, हे प्रयोगांनी दिसून आलेले आहे. म्हणून दळणात सोयाबीन घालावयाचेच असेल तर ते भिजवून, उकडून, उन्हात वाळवून मग घालावे, असे आपण रुग्णांस आवर्जून सांगावे. तीच गोष्ट कच्च्या मोडांची. व्यायामशाळेत जाणारे तरुण वाटीभर कच्चे मोड खाऊन येतात आणि आध्मान, आटोप घेऊन आपल्यासमोर बसतात. त्यांना चूर्ण देण्यापूर्वी मोड वाफवून खाण्यास सांगितले तर पुष्कळदा चूर्णाची गरज उरत नाही. औषधी दुकानदार बंधूंना हा सल्ला तोट्याचा वाटल्यास त्यांनी क्षमा करावी.

कमलाबाईंचे दुसरे मोठे कार्य नीरेवरील होय. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. नीरा, ताडगूळ व त्याची काकवी यांत जीवनसत्त्वे आणि लोह टिकून राहते, तसेच आदिवासी मुले व गर्भवती यांना नीरा दिल्याने त्यांची प्रकृती सुधारते, असे त्यांनी दाखविले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मेळघाटातील कुपोषणाच्या वार्ता वर्षानुवर्षे वाचणाऱ्या आपल्या भागात तरी या कामाचे स्मरण अधिक असावयास हवे होते.

त्यांच्या योग्यतेच्या मानाने संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना बरेच उशिरा मिळाले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईतील नऊ स्त्रियांनी स्थापन केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी या ग्राहकसंस्थेत त्यांनी काम केले, १९८२-८३ मध्ये तिचे अध्यक्षपद भूषविले आणि तिच्या 'कीमत' या नियतकालिकातून भेसळीविषयी लेख लिहिले. औषधी दुकानदार व चूर्णे स्वतः कुटणारे वैद्य यांनी हा धागा उचलण्यासारखा आहे. हळदीच्या पुडीत मेटॅनिल यलो हा निषिद्ध रंग आहे काय, हे हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून पाहता येते. शुद्ध हळदही आम्लाने लालसर होते, पण पाणी घालून विरल केल्यावर तो रंग जातो. न गेल्यास भेसळ समजावी. त्रिकटूसाठी आणलेले मिरे पाण्यात टाकावे. मिरे तळाशी जातात, पपईच्या बिया तरंगतात. दोन मिनिटांच्या या परीक्षा आहेत. त्या न करता शंभर किलोचा माल उतरवून घेणे हे व्यवसायास शोभत नाही.

स्त्रियांचे ज्ञान विस्मृतीत जाणे आपल्या शास्त्रातही नवे नाही. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल-नदीमने अरबीत उतरलेल्या भारतीय वैद्यकग्रंथांची जी सूची दिली, तीत चरक-सुश्रुतांसोबत 'रुसा' नावाच्या भारतीय स्त्रीच्या स्त्रीचिकित्सेवरील ग्रंथाचा उल्लेख आहे. चरक आणि सुश्रुत आपल्यापाशी राहिले. रुसाचा मूळ ग्रंथ नाही, आणि तिचे खरे नावही अरबी लेखनाच्या आडून ओळखता येत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण तर अधिक जवळचे. त्यांचे चरित्र, नाटक, चित्रपट सर्वांना माहीत आहे. पण १८८६ साली फिलाडेल्फियास पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतितंत्र हा होता आणि त्यासाठी त्यांनी आपल्या संहितांचा आधार घेतला होता, हे प्रसूतितंत्राच्या आपल्या किती पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ठाऊक आहे? त्या विदुषीला आपण केवळ 'पहिली' या विशेषणापुरती उरविली.

कमलाबाईंच्या उत्तरायुष्यातील एक योग आपल्या दृष्टीने विशेष आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी त्यांचे कार्य जाणून दिल्ली येथे त्यांचा सन्मान घडवून आणला. या सत्यवतीबाई कोण, हे गुग्गुळाच्या गोळ्या विकणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून सूत्र घेऊन त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले आणि रक्तातील मेदावरील त्याचा परिणाम १९६६च्या आपल्या प्रबंधात मांडला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध अनुसंधान संस्थेत त्यावरून 'गुग्गुलिपिड' तयार झाले. २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत त्याचा अपेक्षित गुण दिसला नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. वाद अजून मिटलेला नाही. परंतु ज्या एका प्रबंधातून हा सारा अभ्यास सुरू झाला, त्याच्या लेखिकेचे नाव आमच्या पाहण्यातील एकाही गुग्गुळकल्पाच्या माहितीपत्रकात आम्हांस आढळले नाही.

डॉ. कमला सोहोनी यांचे निधन २८ जून १९९८ रोजी झाले.