शेवटचं ताट

तीन वर्षांपूर्वी, माघ महिन्यात, चुलीपुढं भाकरी थापताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि माझा डावा हात तापलेल्या तव्यावर टेकला. तळहातावरचा डाग अजून आहे. त्याआधी महिनाभर दम लागत होता. मोडनिंबच्या आठवडी बाजारातून पिशवी घेऊन घरी येईतो दोनदा बसावं लागायचं. तांदूळ निवडता निवडता कच्चेच मूठभर तोंडात जायचे आणि टाकल्याशिवाय राहवायचं नाही. ओळखीच्या कितीतरी बायका खातात, म्हणून मला ती सवय वाटली. कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ असं काही सारखं खावंसं वाटायला लागलं, तर पहिल्यांदा रक्त तपासून घ्या. अंगात लोह कमी पडल्याची ती खूण असू शकते. माझी होती. हिमोग्लोबिन 6.8 निघालं. बाईचं 12 च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवणात काय असतं?" मी सगळं सांगितलं: ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, हरभऱ्याची भाजी, शेंगाचटणी, ताक. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही शिजवलेलं झालं. काल तुमच्या ताटात काय पडलं, ते सांगा."

मी आठवायला लागले. मालक आणि दीर जेवून रानात गेले, पोरं शाळेला गेली, आत्याबाई जेवल्या. दोन वाजता मी बसले तेव्हा पातेल्यात रस्सा होता, मटकी नव्हती. सकाळची भाकरी त्यात कुस्करली आणि ती घशाखाली उतरावी म्हणून वर कपभर चहा. रात्री उरलेला भात. शिवाय सोमवार, गुरुवार आणि महिन्याच्या दोन एकादशा. पंढरपूर इथून जवळ, आमच्या घरात एकादशी चुकवायची रीत नाही. त्या दिवशी साबुदाणा, म्हणजे जवळजवळ नुसता पिठूळपणा, त्यात लोह फार थोडं. मला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. वाढायचं काम माझ्याच हातात होतं आणि मीच स्वतःला वाढत नव्हते.

2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींचं रक्त कमी निघालं. ज्या भागात मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या भागात बाईनं भाकरी खाऊनही रक्त कमी व्हावं, याचं मला फार वाईट वाटतं. पण हिशेब सरळ आहे. 100 ग्रॅम ज्वारीत लोह साधारण 4 मिलिग्रॅम, बाजरीत 6 च्या आसपास. पाळी चालू असलेल्या बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लागतं, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, पुरुषाला 19. म्हणजे ज्याला कमी लागतं त्याला आधी आणि जास्त, जिला जास्त लागतं तिला शेवटी आणि उरलेलं. त्यात धान्या-कडधान्यातलं लोह अंगी थोडंच लागतं आणि जेवणावर चहा घेतला की तेही अडतं.

म्हणून पहिली गोष्ट केली ती चहाची. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नाही. हे महिनाभर जड गेलं, खोटं सांगत नाही. दुसरी गोष्ट, ताटात रोज काहीतरी आंबट आणि कच्चं: लिंबाची फोड, आवळा, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर. त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागायला मदत होते. हिवाळ्यात आमच्याकडं बोरांचे ढीग लागतात. ती पोरांनी खायची गोष्ट असं मी समजत होते, आता जेवणानंतर पाच-सहा मीही खाते. लिंबू मात्र वरून पिळावं, उकळत्या आमटीत घालू नये. मटकी, हुलगे भिजवून मोड आणूनच शिजवते, मोडानं लोह मोकळं होतं. भाजी लोखंडी कढईत. आंबट चुका, टोमॅटो असलं की कढईतलं लोहही थोडं उतरतं, पण शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर भाजी काळी पडते आणि मग घरातले ती कढई माळ्यावर टाकतात.

शिळ्याबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय. अन्न टाकू नये, हे मलाही मान्य आहे. पण अन्न वाचवायचं ते मापून शिजवून. उरलेलं बाईच्या पोटात घालून वाचत नाही. कोण किती भाकरी खातं हे आता रात्रीच विचारून पीठ घेते. भात उरलाच तर ताटात पसरून निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. आमच्याकडं चैत्र-वैशाखात पारा 40 च्या वर जातो, त्यात सकाळचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर राहिला तर त्यात जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करूनही जात नाही. शेंगदाण्याचंही तसंच. सुरकुतलेले, हिरवट-काळे, कडवट दाणे निवडून फेका. बुरशीचं विष भाजून पुरतं मरत नाही, आणि असे दाणे बहुधा घरातल्या माणसांच्या चटणीत जातात, पाहुण्यांच्या नाही. भगरीचं सुटं पीठ आणू नका. महाशिवरात्र, नवरात्रात त्यानं लोक आजारी पडल्याच्या बातम्या होतात. बंद पुड्यातली भगर आणून, निवडून, लागेल तेवढीच दळा.

एवढ्यावर 6.8 चं 12 होत नाही, हेही सांगते. मला गोळ्या लागल्या. आधी एकदा मिळाल्या होत्या, पण शौचाला काळं झालं म्हणून घाबरून मी त्या सोडल्या होत्या. ते काळं होणारच, त्याची भीती नाही. गोळी चहा-दुधाबरोबर घेऊ नका, आकडा सुधारला तरी डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवा. आणि पाळीला जास्त जात असेल तर ते लाजेनं दडवू नका. माझं अर्धं रक्त तिकडंच जात होतं आणि मी ते वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं.

माझ्याबरोबर थोरल्या लेकीचंही रक्त तपासलं. ती सोळा वर्षांची. 9.4 आलं. डॉक्टरीणबाईंनी तिलाही तोच प्रश्न विचारला, तेव्हा कळलं की सुट्टीच्या दिवशी ती भावांबरोबर बसत नव्हती. भूक नाही म्हणायची आणि दोन वाजता माझ्याबरोबर बसायची. मी एकटी जेवते म्हणून.

त्या दिवसापासून भाकऱ्या सगळ्या करून दुरडीत ठेवते, पातेलं मधे येतं आणि सगळे एकदम बसतात. गरम भाकरी तव्यावरून ताटात यायची, ते सुख गेलं म्हणून मालक पहिले आठ दिवस कुरकुरले. उसळीत पळी आता लेक घालते. तळापासून ढवळते आणि आधी माझ्या ताटात वाढते.