होळकरांचा वंशवृक्ष मांडताना



सुभेदार मल्हारराव होळकरांवर निबंध लिहिताना वंशवृक्षात बायकांची नावे तळटिपेत ढकलण्याची जुनी चाल इतिहासलेखनास नव्यानेच हात घातलेल्या विद्यार्थिनीने सोडावी, कारण अठराव्या शतकातील सरदाराचे लग्न हा त्याच्या दौलतीच्या बांधणीचाच एक भाग असे. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेल्या मल्हाररावांना तळोद्याचे मामा भोजराज बारगळ यांनी आश्रय दिला आणि आपली कन्या गौतमाबाई त्यांना दिली. पुढे 1734 मध्ये याच गौतमाबाईंच्या नावे पेशव्यांकडून खासगी जहागीर मिळाली. फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला मुलूख तो सरंजाम. खासगी म्हणजे त्याहून वेगळे, घरच्या स्त्रीच्या अखत्यारीतील उत्पन्न. हा भेद नीट समजल्याखेरीज होळकरांचा पुढील इतिहास उलगडत नाही.

द्वारकाबाई आणि बनाबाई या मल्हाररावांच्या आणखी पत्नी होत. हरकूबाई मात्र खांडाराणी, म्हणजे वराऐवजी त्याच्या तलवारीशी लग्न लावून घरात आणलेली स्त्री. तिचा दर्जा विवाहित पत्नीहून वेगळा असला तरी तो घराण्याने मानलेला होता. म्हणून तिला सरसकट रखेली म्हणून मोकळे होणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि तो छापील पुस्तकांतूनही झालेला आढळेल.

गौतमाबाईंचे पुत्र खंडेराव मार्च 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून पडले, तेव्हा सुनेने, अहिल्याबाईंनी, सती जाऊ नये म्हणून मल्हाररावांनी केलेली विनवणी सर्वांना ठाऊक असते. त्यापेक्षा 1765 मधील त्यांचे पत्र अधिक बारकाईने वाचावे: चंबळ उतरून ग्वाल्हेरला जावे, मोठा तोफखाना तेथे ठेवून दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेच्या बंदोबस्तासाठी चौक्या बसवाव्यात, असे सासरा सुनेला लिहितो. दयेपोटी जगवलेल्या विधवेला कोणी असे लिहीत नाही. ही कारभाऱ्याला दिलेली आज्ञा आहे.

1761 मध्ये गौतमाबाई निवर्तल्यावर खासगी अहिल्याबाईंकडे आली. 1766 मध्ये मल्हारराव आणि पुढल्याच वर्षी नातू मालेराव गेल्यावर सुभेदारांच्या वंशात पुरुष वारस उरला नाही, तेव्हा तुकोजी होळकरांनी फौज सांभाळली आणि कारभाराची सूत्रे अहिल्याबाईंच्या हाती राहिली. मालेरावांची बहीण मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. वंशवृक्षात तिचे नाव भावाच्या नावाशेजारी, त्याच अक्षरात लिहावे.