फोटोच्या पाठीवर

आक्का आमच्या रात्रीच्या वर्गात येतात. वय चौसष्ट. मागच्या दिवाळीपर्यंत त्या अंगठा उठवीत. आता सही करतात, एस.टी.ची पाटी वाचतात, जोडाक्षरेही वाचतात.

आक्कांच्या घरी अडीच वर्षांचा नातू आहे आणि अडीच महिन्यांची नात आहे. सुनेच्या मनात आले, दोन्ही मुलांना घेऊन एक दिवस वाईला जावे, कृष्णेच्या घाटावर बसावे आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो काढावा. मुलगाही तयार झाला. पण आक्का म्हणाल्या, "जायचं तर जाऊ. फोटो नको. तान्ह्या पोराचा फोटो काढू नये."

सून हिरमुसली. मुलगा म्हणाला, "आई, हे जुनं झालं आता." त्यावर आक्का काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात लवकर आल्या. पिशवीतून एक जुना फोटो काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

जुना फोटो

फोटो १९८४ सालचा. जत्रेतल्या फोटोवाल्याने काढलेला. मागे रंगवलेला पडदा. तरुण आक्का खुर्चीवर ताठ बसल्या आहेत. शेजारी तीन वर्षांची मुलगी उभी आहे. मांडीवर तान्हे मूल आहे.

"ही थोरली. आता कराडला दिली आहे," आक्का म्हणाल्या. "मांडीवरची तिच्या पाठची. जत्रा झाली आणि दोन महिन्यांनी तिला गोवर निघाला. नऊ महिन्यांची होती. राहिली नाही. लोक म्हणाले, फोटो काढला म्हणून गेली. मुलगा झाला १९८७ साली. त्याचा एकही फोटो मी काढू दिला नाही. मांडीवरचं मूल आपणच आहोत, असं तो समजतो. मी त्याला सांगितलं नाही."

वाचकहो, अशी समजूत पुष्कळ घरांत होती. ज्या आईचे लेकरू गेले, तिला हसणे बरे नव्हे. तिला खरे कारण समजावून सांगितले पाहिजे. मी आक्कांना जे सांगितले, तेच येथे लिहितो.

फोटो काय घेतो?

आपण उजेडात उभे राहतो. उजेड आपल्या अंगावर पडतो आणि परत फिरतो. तो परतलेला उजेड कॅमेऱ्याच्या काचेतून आत जातो व तेथे आपली आकृती उमटवतो. कॅमेरा एवढेच घेतो. आपल्या अंगातले रक्त, बळ किंवा आयुष्य तो घेत नाही.

फोटो काढण्याची रीत १८३९ साली फ्रान्समधील दागेर याने जगापुढे आणली. त्या वेळी माणसाला पुष्कळ वेळ न हालता बसावे लागे. हालले की चेहरा पुसट येई. जुन्या फोटोंत माणसे ताठ आणि गंभीर दिसतात, त्याचे हे एक कारण आहे.

आक्कांची मुलगी फोटोने गेली नाही, गोवराने गेली. गोवर हा साथीचा रोग आहे. आजारी मुलाच्या खोकल्या-शिंकेतून तो हवेत पसरतो. जत्रेच्या गर्दीत असे रोग सहज पसरतात. गोवराची लस आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात १९८५ साली आली. आक्कांची मुलगी त्याच्या आदल्या वर्षी गेली. आज ही लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, एक वर्षाच्या आत द्यायचा असतो. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो. दोन्ही डोस घ्यावेत. एकावर थांबू नये.

आक्का बराच वेळ फोटोकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातून काही झालं नाही?" मी म्हणालो, "नाही आक्का. तुमच्या हातून काही झालं नाही."

निघण्याची तयारी

सहल ठरली. तान्ह्या बाळाला घेऊन जायचे, तर तयारी नीट हवी.

बाळाची दीड महिन्याची लस झाली होती. अडीच महिन्यांची लस नुकतीच टोचली होती. लस टोचल्यावर एक-दोन दिवस अंग गरम होऊ शकते, म्हणून चार दिवस थांबून ते निघाले. लसीचे कार्ड बरोबर घेतले.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. ऊन असले तरी वरचे पाणी देऊ नये. आईच्या दुधातच पुरेसे पाणी असते. मात्र आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे आणि वेळेवर जेवावे. पुष्कळ एस.टी. स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष असतो. तेथे आईने निःसंकोच बसावे.

नातवासाठी घरची चपाती, केळी, उकळून गार केलेले पाणी आणि जास्तीचे कपडे घेतले. उघड्यावरचे काही द्यायचे नाही, असे ठरले. बाळाला झोळीत घेतले, तर तोंड व नाक उघडे असावे, मान नीट टेकलेली असावी आणि आईला बाळाचा चेहरा सतत दिसावा.

दिवस माघातला होता. गर्दी नको म्हणून जत्रेचा दिवस टाळला.

थोरल्याचे मन

तान्हे बाळ आले की थोरल्याचे बिनसते. हा नातू बाळाचे टोपडे फेकून देई. आईच्या मांडीवर बाळ दिसले की रडू लागे. मोठी माणसे म्हणत, "तू आता मोठा झालास." अडीच वर्षांचे मूल मोठे नसते. त्याला वाटते, आपली जागा गेली.

अशा मुलाला मारू नये. त्याला लहानसे काम द्यावे. बाळाच्या लंगोटांची पिशवी सुनेने त्याच्या हाती दिली. तो ती एस.टी.त मांडीवर घेऊन बसला. कोणालाही हात लावू देईना!

वाई आणि मेणवली

साताऱ्याहून वाई सुमारे पस्तीस किलोमीटर आहे. वाईला कृष्णेच्या काठी ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. ते गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. मूर्ती फार मोठी आहे, म्हणून ढोल्या हे नाव. नातू मूर्तीकडे पाहून म्हणाला, "केवढा बाप्पा!"

तेथून मेणवली तीनेक किलोमीटर आहे. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेचा दगडी घाट आहे. घाटावर देवळापाशी एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. तेव्हा मिळालेल्या घंटांपैकी ही एक, असे सांगतात. घंटेवर मेरी माता आणि तिचे तान्हे बाळ येशू यांची आकृती आहे. सुनेने ती आक्कांना दाखवली. "आत्याबाई, इथंही आई आणि बाळच आहे." आक्कांनी घंटेला हात लावून नमस्कार केला.

आधी मूल, मग फोटो

घाटावर मुलाने मोबाइल काढला. "सगळे इकडे बघा," म्हणत तो एकेक पाऊल मागे सरकू लागला. सून बाळाची टोपी नीट करीत होती. आक्का पदर सारखा करीत होत्या. नातवाचा हात कोणीच धरला नव्हता. तो खडे टाकायला पायऱ्या उतरला. शेवटची पायरी शेवाळलेली होती. त्याचा पाय सरकला.

तेथे एक बाई धुणे धूत होती. तिने हातातले पातळ टाकले आणि पोराची बंडी धरली. कंबरेपर्यंत भिजलेला नातू तिने वर काढला. ती रागावून म्हणाली, "फोटू मागनं काढा. पोर आधी धरा!"

सर्वांचे हातपाय गार पडले. लहान मूल बुडते तेव्हा ते नेहमी ओरडत नाही. आवाज न होता, दोन-चार मिनिटांत घात होऊ शकतो. म्हणून हा नियम पाठ करा: पाण्यापाशी, कड्यापाशी किंवा रस्त्यावर फोटो काढायचाच नाही. अन्य ठिकाणीही एकाने फोटो काढावा आणि एकाने फक्त मुलाकडे पाहावे.

नातवाचे अंग पुसले, कोरडे कपडे घातले. थोड्या वेळाने तो हसू लागला. मग घाट सोडून सगळे वर झाडाखाली आले.

फोटो काढताना त्यांनी या गोष्टी पाळल्या. मोबाइलची काच मऊ फडक्याने पुसली. मुलांचे डोळे दिपू नयेत म्हणून सावलीत बसले, पण तोंडे उजेडाकडे केली. फोटो काढणारा मुलांच्या उंचीइतका खाली बसला. नातवाला मांडी घालून बसवले, बाळ त्याच्या मांडीवर दिले आणि आईने बाळाच्या मानेखाली हात ठेवला. फोटोत आईही आली. पुष्कळ घरांत आई सर्वांना सजवते आणि स्वतः फोटोबाहेर राहते. तसे होऊ देऊ नये. शेवटी त्या धुणे धुणाऱ्या बाईंनी मोबाइल धरला आणि पाचही जणांचा फोटो काढून दिला.

फोटो कसा जपावा?

मोबाइल हरवतो, फुटतो, बिघडतो. त्याबरोबर फोटोही जातात. म्हणून चांगले दोन-चार फोटो कागदावर काढून घ्यावेत. बाकीच्यांची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. मुलांचे उघडे-नागडे फोटो कोणालाही पाठवू नयेत. एकदा पाठवलेला फोटो आपल्या हाती राहत नाही.

कागदी फोटो उन्हात किंवा ओल आलेल्या भिंतीवर टांगू नये. त्याला टाचणी किंवा खळ लावू नये. कोरड्या डब्यात, कागदात गुंडाळून ठेवावा. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. पाठ गुळगुळीत असेल आणि पेन्सिल उमटत नसेल, तर चिठ्ठीवर लिहून ती फोटोमागे ठेवावी.

काय लिहावे? कोण कोण आहे, कोणता गाव, कोणती तारीख. न लिहिलेला फोटो मुका असतो. ओळखणारे माणूस गेले, की तो कोणाचाच राहत नाही.

आक्कांनी काय लिहिले?

नवा फोटो छापून आला. त्याच्या पाठीवर आक्कांनी पाच नावे लिहिली. खाली "मेणवली" आणि तारीख घातली. मग त्यांनी जुना फोटो काढला आणि मुलाला जवळ बसवले.

"मांडीवरचं हे मूल तू नव्हेस," त्या म्हणाल्या. "ही तुझी बहीण."

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "तिचं नाव काय होतं?"

आक्कांनी सांगितले नाही. त्यांनी पेन्सिल घेतली आणि जुन्या फोटोच्या पाठीवर मुलीचे नाव लिहिले. एक जोडाक्षर होते. तेही बरोबर आले. चाळीस वर्षांत ते नाव घरात कोणी लिहिले नव्हते. मुलाने ते मोठ्याने वाचले.

नात नऊ महिन्यांची झाली, त्याच आठवड्यात आक्का स्वतः तिला गोवर-रुबेलाच्या लसीला घेऊन गेल्या. कार्डावरची तारीख त्यांनीच वाचली.

उत्तरे द्या

१. आक्कांची मुलगी कोणत्या रोगाने गेली? त्या रोगाची लस केव्हा द्यावी?
२. सहा महिन्यांपर्यंत बाळाला काय द्यावे?
३. घाटावर कोणती चूक झाली?

हे करा

घरातला एक जुना फोटो शोधा. त्यातील माणसे कोण, हे घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा. आजच विचारा. मग फोटोच्या पाठीवर त्यांची नावे लिहा.